गाविलगडाचा दोन डोक्यांचा पक्षी

१५१५ साली गोव्याहून निघालेल्या पोर्तुगीज जहाजातून एक गेंडा लिस्बनला पोचला. गुजरातच्या सुलतानाकडून मिळालेला. जर्मनीतल्या ड्यूररने तो डोळ्यांनी पाहिला नाही. आलेल्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याने चित्र केलं, आणि गेंड्याच्या पाठीवर एक जादा शिंग बसवलं. पुढे दोन शतकं युरोपातले चित्रकार ते शिंग इमानदारीने उतरवून घेत राहिले.

म्हणूनच प्राण्यांची कॅरेक्टर्स शिकवणारे व्हिडिओ बजावतात: दुसऱ्याच्या चित्रावरून काढू नका, खरा प्राणी बघा. मी दिवसा कोड लिहिते, रात्री टॅबलेटवर प्राणी काढते. कोल्हा, माकड इथवर हा सल्ला चालला. आमच्या वऱ्हाडातल्या एका प्राण्यापाशी तो अडकला.

अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याजवळ गाविलगड आहे. त्याच्या शार्दूल दरवाजावर गंडभेरुंड कोरलाय, दोन डोक्यांचा पक्षी. सोबत सिंहासारखे शार्दूल, आणि त्यांच्यापुढे हत्ती अगदी मांजरीच्या पिलाएवढे. हे माप बघून मी हरखलेच. शार्दूल किती ताकदवान हे दाखवायला त्याचे दात मोठे केले नाहीत, हत्ती लहान केला!

हत्ती त्या पाथरवटाने पाहिलेले असणार, फौजेत ते होतेच. गंडभेरुंड कुठे बघणार? आधीच्या गंडभेरुंडातच. कर्नाटकात बळ्ळिगावीला १०४७ सालच्या स्तंभावर तो आहे, पण तिथे धड माणसाचं आहे. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर (राज्यकाळ १५२९ ते १५४२) तो पुरता पक्षी होऊन हत्ती उचलतो. एकाच फाइलच्या आवृत्त्या म्हणा ना.

वऱ्हाडात तो आला कसा? इमादशाही १४९० मध्ये उभी करणारा फतहुल्ला मूळचा विजयनगरकडचा, कानडी हिंदू घरातला, लहानपणी कैद होऊन इकडे आला, असं फरिश्ता लिहितो. म्हणजे पोराने बालपणीचा पक्षी आठवणीत जपला आणि सुलतान झाल्यावर दरवाजावर बसवला! गोष्ट झकास आहे, पण मला ती जरा फिल्मी वाटते. छिन्नी काही सुलतानाच्या हातात नव्हती. अकोला जिल्ह्यात नरनाळ्याचा १४८७ चा महाकाली दरवाजाही फतहुल्लाचाच. तिथे नजर धरतात ती कोरलेली अक्षरं आणि कमळं. धनी एकच, काम वेगळं. माझा अंदाज, हा पक्षी आठवणीपेक्षा कारागिरांच्या सवयीच्या हातांतून आला असावा.

मग मीही तसंच केलं. पंखांसाठी गरुडाचे फोटो घेतले, पंजे घारीचे. पण एकाच छातीतून दोन माना फुटतात तिथे खांदा कुठे संपवायचा, हे कुठल्याच फोटोत नाही. ते दरवाजावरून जसंच्या तसं उतरवलं. अकरा वेळा गिरवल्यावर डावी मान जमली. उजवी अजून कोंबडीसारखी दिसते.