चित्रसंग्रह, सीमाभागातील (बेळगाव–निपाणी–कोल्हापूर)

बेळगाव, निपाणी आणि त्यांना लागून असलेल्या कोल्हापूर परिसरात स्थानिक चित्रकारांच्या मूळ कृतींचे जे संग्रह उभे राहिले, त्यांची ही नोंद. मूळ कृती म्हणजे चित्रकाराच्या हातची कृती. ओलिओग्राफ, कॅलेंडरे व छापील प्रती येथे विचारात घेतलेल्या नाहीत. शासकीय संग्रहालय, चित्रकाराने हयातीत देऊन टाकलेले घर, नाट्यसंस्थेचे दालन आणि शिष्यांच्या हाती राहिलेला वारसा अशा वेगवेगळ्या वाटांनी हे संग्रह झाले आहेत.

पार्श्वभूमी : निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किमी, तर बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर. पुणे–बंगळूर महामार्गावरची ही तिन्ही गावे चित्रकलेच्या दृष्टीने दीर्घकाळ एकाच वर्तुळात होती. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात आणि पुढे मुंबई राज्यात असल्याने येथील मुले मुंबईच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षांना बसत आणि पुढे शिकायचे तर सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट धरत. कोल्हापूर हे १९४९ पर्यंत स्वतंत्र संस्थान होते. तेथे दरबारचा आश्रय होता, बेळगावात तो नव्हता. बेळगावच्या चित्रकाराला शाळेतली नोकरी, व्यक्तिचित्रांची कामे आणि खासगी वर्ग यांवरच उभे राहावे लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेली. त्यातून उद्भवलेल्या सीमाप्रश्नाचा ऊहापोह येथे अभिप्रेत नाही. मात्र त्यानंतर परीक्षा, शिष्यवृत्त्या, राज्य प्रदर्शने आणि सरकारी खरेदी या चारही गोष्टींच्या वाटा वेगळ्या झाल्या, हे संग्रहांच्या इतिहासात महत्त्वाचे ठरते. एकाच परंपरेतल्या दोन चित्रकारांपैकी एकाची चित्रे संग्रहालयात आणि दुसऱ्याची दिवाणखान्यांत, असे चित्र त्यातून तयार झाले.

कोल्हापूरचे टाऊन हॉल संग्रहालय : परिसरातील सर्वांत जुना सार्वजनिक संग्रह. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५–४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. ग. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्यातील वस्तूंसाठी १९४६ मध्ये हे संग्रहालय स्थापन झाले आणि १९४९ मध्ये ते टाऊन हॉलच्या इमारतीत आले. गॉथिक वळणाची ही इमारत १८७० च्या दशकातील आहे. ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती हा संग्रहालयाचा सर्वज्ञात ठेवा. अभ्यासक व पर्यटक प्रामुख्याने तिच्यासाठी येतात. त्याच छताखाली आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर व त्यांच्या पुढच्या पिढीतील कोल्हापूरच्या चित्रकारांची मूळ चित्रे आहेत. पुरातत्त्वासाठी उभारलेल्या संस्थेत चित्रे आली, म्हणून ती टिकली. त्यांची मांडणी मात्र बराच काळ पुरातत्त्वाच्याच नजरेने झाली : नाव, माध्यम, आकार. चित्र कोणत्या घाटावर, दिवसाच्या कोणत्या प्रहरी बसून काढले, हा निसर्गचित्राच्या बाबतीतला पहिला प्रश्न त्या पट्टीवर मावत नाही.

आबालाल रहिमान : या परंपरेचा आरंभबिंदू. जन्मवर्षाबद्दल एकमत नाही (१८५६ व १८६० अशी दोन वर्षे दिली जातात), मृत्यू १९३१. जे. जे. मध्ये शिक्षण घेऊन, तेथे नाव मिळवून ते कोल्हापुरास परतले व शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले. मुंबईत राहून व्यक्तिचित्रांवर पैसा मिळवण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ आणि पंचगंगेचा घाट यांच्या सान्निध्यात आयुष्य काढले. अपारदर्शक व पारदर्शक जलरंगांचे लहान लहान फटकारे शेजारी शेजारी ठेवून त्यांनी पाण्यावरचा प्रकाश धरला. युरोपातील दृक्प्रत्ययवाद्यांशी त्यांची तुलना वारंवार केली जाते. ती मर्यादित अर्थानेच घ्यावी, कारण आबालाल यांच्या चित्रांतील प्रकाश कोल्हापूरच्या दमट हवेचा आहे. कडा विरघळतात त्या हवेत बाष्प असते म्हणून, एखादा सिद्धान्त पाळायचा म्हणून नव्हे. रंकाळ्याच्या काठी पावसाळा सरताना उभे राहिलेल्या कोणालाही हे पटेल. शाहू महाराजांच्या निधनानंतर (१९२२) त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, अशी कथा कोल्हापुरात सांगितली जाते. कथेतील संख्या सांगणाऱ्यागणिक बदलते. त्यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीच्या मानाने उरलेली चित्रे थोडी आहेत, एवढे निश्चित. म्हणून त्यांच्या प्रत्येक कागदाचे मोल मोठे आहे.

नाटकाचे पडदे (न टिकलेला संग्रह) : परिसरातील सर्वसामान्य माणसाने स्थानिक चित्रकाराचे मूळ काम सर्वाधिक कोठे पाहिले असेल, तर ते रंगभूमीवर. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–८५) हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. केशवराव भोसले यांनी ललितकलादर्श ही नाटक मंडळी १९०८ मध्ये हुबळीत काढली. या मंडळीसाठी आनंदराव पेंटर (मृत्यू १९१६) व त्यांचे भाऊबंद बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी रंगवलेल्या पडद्यांनी मराठी नेपथ्याचे मान बदलले. दरबार, रस्ता, जंगल, महाल अशा ठरावीक पडद्यांत त्यांनी खोली व अंतराचा खरा आभास आणला. पडदा म्हणजे सुती कापड; त्यावर खळीचा हात, वर सरसात कालवलेले रंग. प्रयोग संपला की तो बांबूवर गुंडाळायचा आणि पुढच्या मुक्कामी रवाना करायचा. प्रत्येक गुंडाळीत रंगाला भेगा पडत, पावसाळ्यात सरस ओल धरी, आणि फिका पडलेल्या पडद्यावर नवा हात फिरवला जाई. मंडळी मोडली की पडदे विकले जात. चित्रकलेच्या इतिहासात पडद्यांना दुय्यम मानण्याची रीत आहे. ती या परिसरापुरती तरी सोडून द्यावी लागते. कारण बाबूराव पेंटरांचा मोठा फलक पेलण्याचा सराव येथेच झाला, आणि ‘सैरंध्री’ (१९२०) सारख्या मूकपटांतील नेपथ्य व भित्तिपत्रके याच हातातून आली. शाहू महाराजांनी बांधलेल्या कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला पुढे केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. ती वास्तू ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत मोठ्या प्रमाणावर जळाली. जुन्या नाट्यगृहांत व घरांत असलेल्या कापडी, कागदी वस्तूंची नोंद करून छायाचित्रे घेण्याचे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय, कोल्हापूर : चित्रकाराच्या उत्तरायुष्यातून थेट उभा राहिलेला, या नोंदीतील सर्वांत विशेष संग्रह. चंद्रकांत (मूळ नाव गोपाळ) मांडरे (१९१३–२००१) हे महाराष्ट्राला नट म्हणून ठाऊक आहेत : ‘शेजारी’ (१९४१), ‘भरतभेट’ (१९४२), ‘सांगत्ये ऐका’ (१९५९). मूळ ओढ चित्रकलेची. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली ते शिकले आणि चित्रपटांची कामे चालू असतानाही त्यांनी चित्रे काढणे सोडले नाही. राजारामपुरीतील आपला ‘निसर्ग’ हा बंगला आणि त्यातील चित्रे त्यांनी हयातीतच महाराष्ट्र शासनाला दिली. संग्रहालय शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये विभागाकडे आहे.

पाश्चात्त्य देशांत वृद्धनिवास व रुग्णालये यांनी मूळ चित्रे भिंतींवर लावण्याचे काम संस्थात्मक पातळीवर केले. ब्रिटनमध्ये ‘पेंटिंग्ज इन हॉस्पिटल्स’ ही संस्था १९५९ पासून हे करते. मिलान येथे संगीतकार व्हेर्दी याने वृद्ध कलावंतांसाठी बांधलेले निवासस्थान १९०२ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या वस्तूही तेथे जपल्या आहेत. आपल्याकडे कलाकृती जपण्याचे हे काम एकेका वृद्ध कलावंताने स्वतःच्या घरापुरते केले. मांडरे यांची देणगी त्यांत आदर्श म्हणावी लागेल. मुलाबाळांत वाटून चित्रे विखुरली नाहीत, बाजारात गेली नाहीत. ती जेथे रचली, बहुधा जेथील भिंतींसाठी योजली, तेथेच राहिली. संग्रहात निसर्गचित्रे प्रधान आहेत. घरगुती खोल्यांच्या मापाने टांगलेली ही चित्रे मोठ्या दालनापेक्षा जवळून पाहता येतात, आणि तशीच ती पाहायला हवीत.

मांडरे यांची खास ओळख पावडर शेडिंगची. या तंत्रात पेन्सिलच्या शिशाची किंवा रंगाची बारीक पूड कापसाच्या बोळ्याने कागदावर बसवतात. कागद घट्ट गुंडाळून केलेल्या टोकदार कांडीने छटा घोटत नेतात आणि उजेड हवा तेथे खोडरबराने पूड उचलून घेतात. म्हणजे या चित्रातील उजेड हा कोरा कागद असतो. पांढरा रंग वर लावलेला नसतो. ढग, धुके, पाण्यावरची झिळमीळ यांना हे तंत्र विलक्षण मानवते, कारण त्यात रेषा नसतेच. अडचण अशी की पूड कागदाला जेमतेम धरून असते. चित्राला बोट लागले की डाग कायमचा. काच चित्राला टेकली तर पूड काचेवर जाते. म्हणून दोहोंमध्ये जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचे अंतर ठेवावे लागते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कागद ओल ओढतो आणि बुरशीचे तपकिरी ठिपके धरतो. तैलचित्राला लागेल त्याहून किती तरी अधिक देखभाल अशा संग्रहाला लागते. तिचा खर्च देणगी स्वीकारणाऱ्याने धरून चालायचा असतो.

बेळगाव : येथील परंपरा के. बी. कुलकर्णी या एका नावाभोवती उभी आहे. व्यक्तिचित्र व निसर्गचित्र या दोहोंवर सारखेच प्रभुत्व असलेल्या कुलकर्णी यांनी ‘चित्रमंदिर’ या आपल्या वर्गातून विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. तांबडी माती, कौलारू घरे, किल्ल्याचा खंदक, कॅम्पातली झाडी आणि सततचा पाऊस हे बेळगावचे दृश्यद्रव्य. ते रंगांत आणण्याची शिस्त त्यांनी रुजवली. टिळकवाडीतील वरेरकर नाट्य संघाच्या वास्तूत त्यांच्या नावाचे कलादालन आहे व तेथे स्थानिक चित्रकारांची प्रदर्शने भरतात. नाटककार मामा वरेरकर यांच्या नावाच्या नाट्यसंस्थेने चित्रकाराचे नाव जपावे, हे या परिसरातील नाटक व चित्रकलेच्या जुन्या सोयरिकीला धरूनच आहे.

शिष्यांपैकी रवी परांजपे (बेळगाव, १९३५ – पुणे, २०२२) यांच्याविषयी सर्वाधिक लिहिले गेले आहे. त्यांनी स्वतः विपुल लेखन केले. ‘ब्रश मायलेज’ हे त्यांचे आत्मकथन. मुंबईत प्रकाशन व जाहिरात क्षेत्रांत, काही काळ नैरोबीत, वास्तुचित्रणात आणि पुढे पुण्यात स्वतंत्र चित्रकार म्हणून त्यांनी काम केले. आधुनिकतेच्या नावाखाली रेखांकन व सौंदर्यदृष्टी यांची हेळसांड होते, ही त्यांची भूमिका वादाचा विषय झाली. तीत बेळगावच्या वर्गातील संस्कार स्पष्ट दिसतो. हाताची तयारी आधी, मत नंतर, हा तो संस्कार. परांजपे यांच्या कामाचा ठेवा पुण्यात एकवटला. बेळगावचा चित्रकार बाहेर वाढला की त्याची चित्रे बाहेरच राहतात, याचे ते सर्वांत ठळक उदाहरण. के. बी. कुलकर्णी, त्यांचे समकालीन व शिष्य यांच्या निवडक मूळ कृती एकत्र पाहता येतील असे कायमस्वरूपी संग्रहालय बेळगावात व्हायला हवे. प्रदर्शनाचे दालन त्या गरजेची जागा घेऊ शकत नाही, कारण प्रदर्शन आठवड्याभरात उतरते. असा संग्रह झाल्यास त्यात मराठी व कन्नड असा भेद करण्याचे कारण पडणार नाही. कन्नड नाटककार व चित्रकार चंद्रकांत कुसनूर (१९३१–२०२०) हे याच शहरात राहिले.

निपाणी : तंबाखूच्या बाजारपेठेमुळे भरभराटीस आलेले गाव, निपाणकर देसायांचा वाडा प्रसिद्ध. चित्रकलेपुरता ओढा कोल्हापूरकडे.

गोकाक : बेळगाव जिल्ह्यातील हे गाव रंगवलेल्या लाकडी व मातीच्या खेळण्यांसाठी आणि हुबेहूब फळांसाठी प्रसिद्ध आहे. कारागीर आपल्या कामावर नाव घालत नाहीत, त्यामुळे ही कला हस्तव्यवसायात गणली जाते व चित्रसंग्रहांत तिला जागा मिळत नाही. पेरूच्या हिरव्यावर पिवळा कसा उतरत जातो, हे गोकाकच्या कारागिराला चित्रकाराइतकेच ठाऊक असते. वरील संग्रहांत या वस्तूंचे एक फडताळ तरी असावे.

सावंतवाडी : आंबोली घाटाखालील शेजारचे पूर्वीचे संस्थान. शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून गंजिफा (खेळण्याचे रंगीत पत्ते) रंगवण्याची कला उचलून राजवाड्यात तिचे काम पुन्हा सुरू केले.