हुप्प्या, माद्या आणि आपण

मानवी समाजाचे मूळ वानरांच्या टोळीत शोधण्याची हौस जुनी आहे. या शोधाचा इतिहास वाचताना मला मात्र वानरांइतकेच त्यांच्याकडे पाहणारे अभ्यासकही दिसू लागतात.

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकी संशोधक फिलिस जे यांनी मध्य भारतात वानरांचे निरीक्षण केले. त्यांना दिसल्या त्या शांत, मिळूनमिसळून राहणाऱ्या टोळ्या. पाठोपाठ जपानचे युकिमारू सुगियामा धारवाडला आले. १९६२ मध्ये तिथे बाहेरच्या नरांनी एका टोळीवर हल्ला केला. जुना हुप्प्या हाकलला गेला आणि नव्याने टोळीतली तान्ही पिल्ले मारली. अनेक अभ्यासकांनी ही विकृती मानली. गर्दीचा परिणाम म्हणून ती बाजूला ठेवली.

गर्दीचाच प्रश्न घेऊन सारा ब्लॅफर हर्डी १९७१ मध्ये माउंट अबूला आल्या. १९७७ च्या ‘द लंगूर्स ऑफ अबू’ या ग्रंथात त्यांनी निराळे उत्तर दिले. अंगावर पिणारे पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या हुप्प्याला स्वतःची संतती मिळते. पण मला त्यांचे मोठेपण दिसते ते माद्यांकडे नीट पाहण्यात. माद्या एकजुटीने पिल्लांचा बचाव करतात. टोळीबाहेरच्या नरांशी संग करून बाप कोण हे संदिग्ध ठेवतात. हुप्प्या बदलत राहतो. टोळी टिकते ती माद्यांच्या नात्यागोत्यावर.

हा धडा माणसाला लावताना मी एका जागी थबकतो. नेपाळमधील रामनगरच्या वानरांचा डीएनए अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या प्रकरणांत मारणारा नर त्या पिल्लाचा बाप नव्हता. उलट, हिंदुस्थानात बालिकाहत्येविरुद्ध १८७० मध्ये कायदा करावा लागला, तेव्हा मुलगी मारली जात होती ती जन्मदात्यांच्याच घरात. हुंड्याच्या धास्तीने आणि कुळाच्या प्रतिष्ठेपायी. रक्ताचे नाते तिला वाचवू शकले नाही. वानरांचा हिशेब इथे लागू पडत नाही.

म्हणून ‘निसर्गच असा’ हा दाखला मला पटत नाही. हुप्प्याला रूढी नसते, हुंडा नसतो आणि कायदाही नसतो. या तिन्ही गोष्टी माणसाने केल्या. त्यांचा जाब वानराला विचारता येणार नाही.