जगतापांना मत कोणी दिलं असतं?

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी या लेखकाचं काही वाचलेलं असणं शक्यच नव्हतं, कारण असा माणूसच नव्हता. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी फिरवलेली: ना. वि. ज. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांनी पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम केलेले, तिशीच्या आत पद्मभूषण मिळालेले नारळीकर तेव्हा देशभर ठाऊक होते. आपल्या नावाकडे पाहून बक्षीस मिळू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

ही गोष्ट मराठीत खूपदा सांगून झाली आहे. मला मात्र ती आठवली की एक वेगळाच किडा चावतो. त्या स्पर्धेत परीक्षकांच्या जागी वाचकांचं मतदान असतं तर? जगतापांना मत कोणी दिलं असतं?

हा प्रश्न हवेतला नाही. विज्ञानकथांचा जगातला सगळ्यात मानाचा पुरस्कार, ह्यूगो, हा वाचकांच्या मतांवरच दिला जातो. त्यात ना सरकार, ना अकादमी, ना तीन जणांची समिती. वर्ल्डकॉन नावाचं विज्ञानकथाप्रेमींचं एक वार्षिक संमेलन असतं, त्याची वर्गणी भरणारा कोणीही मतदार. संमेलनाला जायचीही गरज नाही. अंथुर्ण्यात बसून मोबाइलवर मत देता येतं. वर्गणी आहे साधारण पन्नास डॉलर, म्हणजे चार हजार रुपयांच्या वर. आमच्याकडे एवढ्यात पोरं वर्षभराचं रिचार्ज मारून वर वडापाव खातील, ते सोडा.

पुरस्काराला नाव आहे ह्यूगो गर्न्सबॅक या संपादकाचं. त्यानं १९२६ साली अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे निव्वळ विज्ञानकथांचं मासिक काढलं. लेखकांना पैसे देण्याच्या बाबतीत त्याची ख्याती बरी नव्हती. पण एक काम त्यानं फार मोलाचं केलं: वाचकांची पत्रं छापताना खाली त्यांचे पूर्ण पत्ते छापले. मग वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच लिहायला लागले. त्यातून गावोगावी मंडळं झाली, मंडळांची हाताने छापलेली छोटी मासिकं निघाली, आणि १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन भरलं. पुरस्कार त्यानंतर चौदा वर्षांनी आला. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: आधी एकमेकांना ओळखणारे वाचक, मग पुरस्कार.

१९५३ साली फिलाडेल्फियाच्या अकराव्या वर्ल्डकॉनमध्ये पहिले ह्यूगो दिले गेले. कादंबरीचा मान मिळाला अल्फ्रेड बेस्टरच्या ‘द डिमॉलिश्ड मॅन’ला. मला स्वतःला त्या वर्षीचा खरा नायक वाटतो जॅक मॅकनाइट. हा यंत्रशाळेत काम जाणणारा माणूस. पुरस्कार म्हणून चकचकीत रॉकेट द्यायचं ठरलं होतं. ओल्ड्समोबाइल गाडीच्या बॉनेटवर रॉकेटच्या आकाराचं शोभेचं चिन्ह असायचं, तेच वापरता येईल का हे पाहून झालं, पण ते जमेना. शेवटी मॅकनाइटनं रॉकेटं स्वतः घडवायला घेतली. त्या नादात त्याचं बरंचसं संमेलन हुकलं. आत लेखक भाषणं ठोकतायत आणि हा गडी तिकडे रॉकेटला आकार देतोय.

अंथुर्ण्याच्या माणसाला हे चित्र डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडत नाहीत. आमच्याजवळच वालचंदनगर. साखर कारखान्यांची यंत्रं बनवता बनवता तिथल्या कंपनीनं इस्रोच्या रॉकेटच्या मोटरची कवचं बनवली. चांद्रयान-३ वर गेलं तेव्हा पंचक्रोशीत पेढे वाटण्याइतका हक्क लोकांना वाटला. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आणि रॉकेटचा कारखाना इतक्या जवळ असलेली गावं फार नसतील. अशा मुलखात विज्ञानकथा वाचणारी पोरं बोटांवर मोजण्याइतकी का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तर मतदान. ह्यूगोचं मतदान आपल्या पदवीधर मतदारसंघासारखं असतं. ज्यांनी पुणे पदवीधरला मत दिलंय त्यांना ठाऊक आहे, शिक्का मारायचा नसतो, नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालायचे. पहिल्या फेरीत कुणाला निम्म्याहून जास्त मतं नसतील तर सगळ्यात मागचा बाद होतो आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीला जातात. शिवाय यादीत ‘पुरस्कार कोणालाच नको’ असाही एक पर्याय असतो. म्हणजे आपला ‘नोटा’च. फरक एवढाच की आपल्या लोकसभेत नोटा जिंकला तरी काही होत नाही, तिथे तो जिंकला की त्या वर्षी त्या विभागात खरोखर कोणालाच काही मिळत नाही.

२०१५ साली हा पर्याय कामाला आला. त्या वर्षी दोन गटांनी आपल्या पसंतीच्या याद्या जाहीर केल्या आणि समर्थकांना सांगितलं की नामांकनात हीच नावं भरा. ह्यूगोला समाजसुधारणेचं वेड लागलंय, जुन्या मर्दानी साहसकथांना कोणी विचारत नाही, अशी त्यांची तक्रार. आमच्याकडच्या वाचकाला यात नवीन काही वाटणार नाही. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याची निवडणूक पाहिलेला माणूस याला एका शब्दात नाव देईल: पॅनेल. साधा वाचक आपापल्या आवडीचं लिहितो, त्यामुळे नामांकनाची मतं शेकडो पुस्तकांत विखुरतात. त्यात काहीशे जणांनी ‘पॅनेल टू पॅनेल’ मारलं की अख्खी अंतिम यादी त्यांची. तसंच झालं.

मग बाकीचे वाचक जागे झाले. अंतिम फेरीत ५,९५० मतं पडली, तोवरचा उच्चांक. पाच विभागांत ‘कोणालाच नको’ जिंकला. त्याआधीच्या सगळ्या इतिहासात मिळून तो जितक्या वेळा जिंकला होता, तितका एका रात्रीत.

पण त्या वर्षाची माझी आवडती गोष्ट वेगळी आहे. मार्को क्लूस नावाच्या लेखकाची कादंबरी पॅनेलच्या यादीमुळे अंतिम फेरीत आली. हे कळल्यावर त्यानं ती मागे घेतली. रिकाम्या जागेवर पुढचं नाव सरकलं: ल्यू सिशिन या चिनी लेखकाची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’, केन ल्यूनं इंग्रजीत आणलेली. ती जिंकली. अनुवादित कादंबरीला ह्यूगो मिळण्याची ती पहिली वेळ. आज नेटफ्लिक्सवर तुम्ही जी मालिका पाहता ती याच कादंबरीवरची. एका माणसानं अर्ज मागे घेतला नसता तर हे पुस्तक त्या वर्षी यादीतही दिसलं नसतं.

वाचकांचं राज्य म्हणून ह्यूगोची फार आरती ओवाळायलाही नको. २०२३ चं वर्ल्डकॉन चीनमध्ये चंगडूला झालं. पुढच्या जानेवारीत नामांकनाचे आकडे जाहीर झाले तेव्हा दिसलं की आर. एफ. क्वांगच्या ‘बॅबल’ कादंबरीला भरपूर नामांकनं होती, तरी तिच्यापुढे ‘अपात्र’ असा शेरा. कारण दिलेलं नाही. नंतर ईमेल बाहेर आले. चीनला न रुचणारं कोण काय बोललंय, कुठे हिंडलंय, याच्या नोंदी पुरस्कार सांभाळणाऱ्या पाश्चात्त्य मंडळींनीच काढून ठेवल्या होत्या. एका समीक्षकाच्या नावावर तिबेटची सहल लावली होती. तो बिचारा गेला होता नेपाळला.

आणि २०२४ ला ग्लासगोत तर थेट बोगस मतदान. ३,८१३ मतांपैकी ३७७ बाद केली. संयोजकांनी कारणंही सांगितली. एका ओळीतल्या मतदारांची आडनावं सारखीच, फक्त पहिलं अक्षर वर्णानुक्रमे बदललेलं, म्हणजे कावळे, खावळे, गावळे, घावळे. आणखी काही मतदारांची नावं म्हणजे ओळीनं येणाऱ्या अंकांची भाषांतरं. ज्याच्यासाठी हा उद्योग झाला, त्याला याची कल्पना असल्याचा पुरावा नाही, असंही त्यांनी सांगितलं आणि ती मतं वगळून निकाल लावला. ग्रामपंचायतीच्या मतदारयादीत इतका आळशीपणा चालत नाही.

या दोन्ही भानगडी कशामुळे कळल्या? आकड्यांमुळे. कुणाला किती मतं, कुठल्या फेरीत कोण बाद, सगळं छापावं लागतं. चंगडूचे आकडे उशिरा आले, पण आले, आणि वाचकांनी रात्र जागून ते तपासले. मला ह्यूगोचं मोठेपण निकालात कमी आणि या तक्त्यांत जास्त दिसतं.

आता आपल्याकडे या. मराठीत साहित्याचं मतदान नव्हतं असं नाही. अखिल भारतीय साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कित्येक वर्षं मतांवर निवडला जायचा. फक्त मतदार वाचक नव्हते, महामंडळाच्या घटक संस्थांनी ठरवलेले साधारण हजारभर लोक होते. १९९२ च्या कोल्हापूर संमेलनासाठी याच मतदानात इंदिरा संत हरल्या आणि रमेश मंत्री जिंकले. मंत्र्यांचा विनोद मला वाईट वाटत नाही, पण ती सल मराठी माणसाच्या मनातून तीस वर्षांत गेलेली नाही. २०१८ मध्ये महामंडळानं निवडणूकच रद्द केली. अध्यक्ष सन्मानानं निवडायचा असं ठरलं आणि यवतमाळला अरुणा ढेरे आल्या. लोकांना हायसं वाटलं. मलाही वाटलं. पण मतदार चुकीचे होते म्हणून आपण मतदानच काढून टाकलं, वाचकाला मतदार करून पाहावं असं कुणाला सुचलं नाही, हे मात्र खटकतं.

समिती नेमली की प्रश्न मिटतो, हेही खरं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधींच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला राज्य शासनाचा पुरस्कार जाहीर झाला. काही दिवसांत सरकारनं तो रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. चंगडूला जे लपून झालं, ते इथे शासन निर्णय काढून झालं.

विज्ञानकथेपुरतं बोलायचं तर परिषदेच्या स्पर्धेचं ऋण मोठं आहे. १९०० च्या सुमारास ‘केरळकोकिळ’मध्ये ज्यूल व्हर्नची चंद्रसफर मराठीत आली, तिथून पुढे ‘नवल’, ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांनी हा प्रकार जगवला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनी तो वाढवला. पण वाचकांचे पत्ते एकमेकांना कधी मिळाले नाहीत. दिवाळी अंक वाचनालयातून फिरतो, माझ्या आधी कुणी वाचला आणि नंतर कोण वाचणार याचा पत्ता लागत नाही. समासात कुणीतरी पेन्सिलीनं ‘भारी’ लिहिलेलं असतं, तेवढीच ओळख.

२०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर झाले. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला हा मान, तोही बिनमतदानाचा. तब्येतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ ला पुण्यात ते गेले. त्यांना मतं पडली असती, यात मला शंका नाही. पण ती नारळीकरांना पडली असती. १९७४ च्या जगतापांना वाचकांनी मत दिलं नसतं, कारण स्पर्धेतली कथा तेव्हा वाचकांपर्यंत पोचलेलीच नव्हती. बंद पाकिटातली कथा परीक्षकच उघडू शकतो. म्हणून मला दोन्ही हवं: अनोळखी लेखकाला उचलणारा परीक्षक, आणि पुस्तक लोकांत आल्यावर आपलं मत मोजून घेणारा वाचक. मराठीत पहिला आहे. दुसऱ्याला अजून कुणी विचारलेलं नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही अकरा जणांनी व्हॉट्सॲपवर पाच विज्ञानकथांचं मतदान घेऊन पाहिलं. अकराही मतं आली. पाचही कथा वाचलेले निघाले चार जण, बाकीच्यांनी ओळखीच्या लेखकाला १ नंबर दिला होता. ह्यूगोवाले मतदारांना नामांकित साहित्याच्या डिजिटल प्रती आधी पाठवतात, त्याचं कारण तेव्हा डोक्यात शिरलं. यंदा दोन बदल आहेत. अंकांचे तीन संच आधी फिरणार, निमगाव केतकीची दोन पोरं आणि बेलवाडीची एक शिक्षिका नव्यानं आलीत, त्यांनाही मिळणार. आणि फेऱ्यांचा तक्ता, ‘कोणालाच नको’च्या मतांसकट, वाचनालयाच्या फळ्यावर लागणार. लेखकांची नावं झाकायची का, यावर अजून भांडण चालू आहे.