शाळेत सुरू झालेला दगडांचा मेळा

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील टुसॉन हे वाळवंटी मुलखातले शहर. दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास तेथे खनिजांचा आणि रत्नांचा मेळा भरतो. मुख्य प्रदर्शन शहराच्या मोठ्या सभागृहात चार दिवस चालते. पण त्याच्या आधीपासूनच हॉटेलांच्या खोल्यांत, तंबूंत आणि मोकळ्या मैदानांवर अनेक लहानमोठी प्रदर्शने सुरू झालेली असतात. हॉटेलात खोलीचे दार उघडे, आत पलंगावर स्फटिक मांडलेले, असे दृश्य तेथे नेहमीचे. संग्रहालयांचे तज्ज्ञ, विद्यापीठांतले संशोधक, व्यापारी आणि हौशी संग्राहक अशी सारी मंडळी येथे एकत्र येतात.

एवढ्या मोठ्या मेळ्याचा जन्म मात्र एका प्राथमिक शाळेत झाला. टुसॉनमधील काही हौशी मंडळींनी १९४६ साली खनिजप्रेमींची एक संस्था काढली. मार्च १९५५ मध्ये या संस्थेने हेलन कीलिंग शाळेत आपले पहिले प्रदर्शन भरवले. प्रवेश विनामूल्य होता. पुढे काही वर्षे हे प्रदर्शन जत्रेच्या मैदानावरील पत्र्याच्या अर्धगोल शेडमध्ये भरत असे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातील खनिजतज्ज्ञ पॉल डेसॉटेल्स येथे येऊ लागले. मग इतर संग्रहालयांचे तज्ज्ञही आले आणि त्यांच्यामागून देशोदेशीचे व्यापारी. १९७०च्या दशकात प्रदर्शन शहराच्या सभागृहात गेले. २०२१ साली कोरोनाच्या साथीमुळे ते रद्द करावे लागले. एरवी परंपरा चालू आहे.

हा मेळा टुसॉनलाच का रुजला? एक कारण तेथील सौम्य हिवाळा. दुसरे, अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे अ‍ॅरिझोनातील तांबे. बिस्बी गावाच्या खाणींत १८८०च्या सुमारास काम सुरू झाले आणि १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालले. तांब्याच्या धातुकावर हवा, पाणी आणि कार्बोनेट यांची क्रिया होऊन निळे अ‍ॅझुराइट व हिरवे मॅलॅकाइट बनते. खाणमालकाच्या दृष्टीने ते केवळ भट्टीत घालायचे धातुक. पण काही खाणकामगार सुंदर तुकडे जेवणाच्या डब्यात घालून घरी नेत. आज संग्रहालयांत दिसणारे बिस्बीचे कितीतरी नमुने अशा डब्यांमुळेच भट्टीतून वाचले.

या मेळ्यात हिंडताना आम्हाला चिठ्ठ्यांवर पुणे, नाशिक, जळगाव ही नावे पुनःपुन्हा भेटली. फिकट गुलाबी स्टिल्बाइट, हिरवट अ‍ॅपोफिलाइट, गर्द निळे कॅव्हन्साइट! आपल्याकडे रस्त्यावर पसरतात त्या काळ्या खडीच्या पोटातून ही संपत्ती आली आहे, हे पाहणाऱ्याला सांगूनही खरे वाटत नाही.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. नंतर खडकांतून झिरपणाऱ्या पाण्याने सिलिका, कॅल्शियम, सोडियम असे घटक विरघळवून या पोकळ्यांत आणले आणि तेथे सावकाश स्फटिक वाढले. त्यांतील एका मोठ्या गटाला झिओलाइट म्हणतात. हे नाव स्वीडनच्या क्रोन्स्टेट यांनी १७५६ साली दिले. खनिज तापवले की ते उकळल्यासारखे फसफसते, म्हणून ग्रीक भाषेतील ‘उकळणे’ आणि ‘दगड’ या शब्दांवरून झिओलाइट. त्याच्या जाळीदार रचनेतील सूक्ष्म पोकळ्यांत पाण्याचे रेणू असतात. उष्णतेने ते बाहेर पडतात. स्टिल्बाइटचा बारीक चुरा कोरड्या परीक्षानळीत तापवला, तर नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. हा प्रयोग शाळेतही करून दाखवता येईल. डोळ्यांवर चष्मा मात्र हवा.

दख्खनची ही खनिजे जगापुढे यायला रेल्वेचाही हातभार लागला. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातील लोहमार्गासाठी डोंगर फोडले गेले, तेव्हा निघालेले नमुने युरोपातील संग्रहांत पोचले. कॅव्हन्साइटची कहाणी अलीकडची. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांच्या आद्याक्षरांवरून नाव मिळालेले हे खनिज प्रथम अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात १९६७ साली सापडले आणि १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. परंतु त्याचे सर्वोत्तम स्फटिक मिळाले ते पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत.

आता एक अडचणीची गोष्ट. अनेक जुन्या चिठ्ठ्यांवर नुसते ‘पूना’ लिहिलेले असते. म्हणजे पुण्यात सापडलेले, की पुण्याहून विकत घेतलेले? खाणीचे ठिकाण दुसऱ्याला कळू नये म्हणूनही कधी कधी मोघम नाव दिले जाते. सौंदर्याला याने बाधा येत नाही, किंमतही चांगली येते. विज्ञानाचे मात्र नुकसान होते. लाव्हाच्या कोणत्या थरात, किती खोलीवर, कोणत्या खनिजांच्या सोबतीने स्फटिक वाढला, यावरून पूर्वीच्या पाण्याचे तापमान आणि त्यातील घटक यांचा अंदाज बांधता येतो. ठिकाण हरवले की तो पुरावा हरवला. दगडखाण बुजते, तिच्यावर वस्ती उभी राहते. मग परत जाऊन पाहण्याची सोयही उरत नाही.

म्हणून शाळेतल्या संग्रहाला दुर्मीळ स्फटिकांची गरज नाही. साधी गारगोटीही चालेल. दगडावर छोटा क्रमांक घालावा. वहीत त्या क्रमांकापुढे गाव, शिवार, खोली, तारीख, शेजारचा खडक आणि देणाऱ्याचे नाव लिहावे. सुरुंग लागतात अशा खाणींत मुलांना नेऊ नये. गावात विहीर खणली जात असेल, तर बाहेर टाकलेल्या ढिगाऱ्यात पुष्कळ काही मिळते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन उत्तम नमुने मुलांना दाखवता येतील.

टुसॉनला जे जगभरातून येते, त्यातले बरेचसे कोणा मजुराने खडीच्या ढिगातून बाजूला काढलेले असते. तो तुकडा कोठे मिळाला हे त्याच दिवशी लिहून ठेवणारा कोणीतरी गावात असला पाहिजे. ते काम शाळेइतके चांगले दुसरे कोण करील?