गुडघ्याची अस्थिरता : गतिसंवेदकांद्वारे मापन

अस्थिबंधाला इजा झाल्यावर गुडघ्यात येणारा सैलपणा, पायाला बांधलेल्या लहान गतिसंवेदकांनी आकड्यांत मोजण्याची पद्धत. मांडीचे व नडगीचे हाड सांध्याच्या आत बांधून ठेवणारा पुढचा क्रूसिएट अस्थिबंध, म्हणजेच एसीएल, तुटला की नडगी पुढे सरकते आणि वळताना जागा सोडते. ‘गुडघा निसटतो’, ‘पाय दगा देतो’ अशी रुग्णाची तक्रार असते.

इजेचे स्वरूप : जालना जिल्ह्यात, मराठवाड्यात इतरत्र असते तशीच, कबड्डी आणि कुस्तीची आवड आहे. चढाई करून मध्यरेषेकडे परतणारा खेळाडू रोवलेल्या पायावर गर्रकन वळतो, किंवा पकडीत पाय अडकलेला असताना धड फिरते, तेव्हा हा अस्थिबंध तुटू शकतो. दुचाकीचे अपघात हेही एक कारण आहे. सूज आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते आणि ‘मुरगळला होता’ म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. अशा गुडघ्याने खेळत राहिल्यास गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटण्याचा धोका वाढतो.

हाताने तपासणी : लॅकमन चाचणीत गुडघा २० ते ३० अंश वाकवून एका हाताने मांडी स्थिर धरतात व दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. पिव्हट शिफ्ट चाचणीत नडगी आत वळवून बाहेरून दाब देत गुडघा वाकवतात. पुढे सरकलेली नडगी साधारण ३० अंशांजवळ झटक्याने जागेवर येते. या झटक्याला ० ते ३ अशी श्रेणी देतात. मात्र दोन डॉक्टरांची श्रेणी एकच येईल असे नाही. १९८० च्या दशकात आलेले केटी-१००० हे उपकरण नडगीचे सरकणे मिलिमीटरमध्ये मोजते. दोन्ही गुडघ्यांतील फरक ३ मिमीहून अधिक असल्यास इजेचा संशय बळावतो. पण वळतानाची अस्थिरता त्यात उमटत नाही.

संवेदकाचे कार्य : संवेदकात वेग किती झपाट्याने बदलला हे टिपणारा त्वरणमापी आणि फिरण्याचा वेग टिपणारा जायरोस्कोप असतो, स्मार्टफोनमध्येही हेच घटक असतात. पिव्हट शिफ्टसाठी तो नडगीच्या वरच्या टोकाशी पट्ट्याने बांधतात आणि झटक्याचे त्वरण नोंदवतात. इटलीतील बोलोन्याच्या रिझोली संस्थेतील संशोधकांनी या पद्धतीवर महत्त्वाचे काम केले आहे. मांडी व नडगी अशा दोन ठिकाणी संवेदक बांधल्यास चालताना, उडी मारताना गुडघ्याचा कोन कसा बदलतो हे कळते. त्यासाठी कॅमेऱ्यांनी सज्ज प्रयोगशाळा लागत नाही. मोजणी मैदानावरही होते.

मर्यादा : हाडावरची त्वचा हलते, पट्टा सैल होतो, आकडेमोडीतली लहान चूक वेळेबरोबर साचत जाते. दुखण्याच्या भीतीने रुग्णाने स्नायू आवळले तर सैलपणा झाकला जातो. म्हणून आकड्याची तुलना त्याच व्यक्तीच्या निरोगी गुडघ्याशी करतात. शिवाय सैलपणा आणि अस्थिरता एक नव्हेत : काहींचा गुडघा सैल असूनही बळकट स्नायूंमुळे निसटत नाही.

जिल्ह्यातील संदर्भ : जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. मात्र लॅकमन चाचणीसाठी तिथवर जावेच लागते असे नाही : तिला यंत्र लागत नाही, जाणता हात लागतो. ती तालुक्याच्या गावीही करता येते. संवेदक या तपासणीला जोड देतो, निदान मात्र तपासणी व एमआरआय यांवरच ठरते. तुटलेल्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर खेळाडूने साधारण ९ महिने पूर्ण होण्याआधी व मांडीची ताकद परत येण्याआधी मैदानात उतरू नये.