दुसरी बायको आणि अनुकंपेची नोकरी

सरकारी नोकर सेवेत असतानाच वारला की घरात दोन प्रश्न उभे राहतात : पेन्शन कोणाला आणि नोकरी कोणाला? मृताच्या मागे दोन बायका असतील, तर हे प्रश्न कचेरीतून कोर्टात जातात. 'दुसरीला काही मिळत नाही' असे आपण सहज म्हणतो. हे वाक्य फार जुने नाही, आणि आज ते पुरते खरेही नाही.

1946 पूर्वी मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाची दुसरी बायको कायद्याने पत्नीच होती. त्या वर्षी इलाख्यात द्विभार्या प्रतिबंधक कायदा झाला. तो हिंदूंपुरताच का, असे आव्हान त्याला मिळाले. पण 1951 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात छागला आणि गजेंद्रगडकर यांनी तो वैध ठरवला. पुढे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने पहिली पत्नी हयात असताना झालेले लग्न मुळापासून रद्दबातल ठरवले. इथे क्रमांकाला महत्त्व नाही. पहिलीच्या मृत्यूनंतर किंवा घटस्फोटानंतर लग्न झालेली दुसरी बायको ही कायदेशीर विधवाच असते.

मुलांची वाट मात्र वेगळी झाली. 1976 च्या दुरुस्तीने कलम 16 बदलले आणि रद्दबातल लग्नाची मुले औरस ठरली. लग्न झालेच नाही, पण मुले औरस, अशी ही स्थिती आहे.

अनुकंपा नियुक्ती हा वारसा नाही. कमावता माणूस गेल्याने कोसळलेल्या कुटुंबाला तात्काळ आधार, एवढाच तिचा हेतू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये बजावले. मग 'कुटुंब' कोणते? रेल्वे बोर्डाच्या 2 जानेवारी 1992 च्या परिपत्रकाचे उत्तर मजेशीर होते : देणी दोन्ही विधवांत वाटता येतील, नोकरी मात्र दुसरीला नाही आणि तिच्या मुलांनाही नाही. प्रशासनाने दुसऱ्या लग्नाला परवानगी दिली असेल, तेवढाच अपवाद.

यानंतर आई आणि मूल यांच्या वाटा आणखी फाकत गेल्या. 2000 मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुसरीला विधवा मानले नाही, पण तिच्या अज्ञान मुलांना कुटुंब निवृत्तिवेतनात वाटा दिला. 2018 मध्ये मध्य रेल्वेच्या मृत कर्मचाऱ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, औरस मुलांमध्ये भेद करून दुसरीच्या मुलाला अनुकंपेपासून वगळता येणार नाही. मात्र त्याला मिळाला तो अर्जाचा विचार होण्याचा हक्क. नोकरीची हमी नव्हे. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने महाराष्ट्राच्या पेन्शन नियमांतील 'विधवा' म्हणजे कायदेशीर लग्नाचीच, असा अर्थ लावला.

पहिलीवर झालेला अन्याय खराच; तिचा हक्क राखलाच पाहिजे. पण पहिले लग्न लपवून जिला फसवले, तिचे काय? गुन्हा नवऱ्याचा, आणि तो तर शिक्षेपलीकडे गेलेला. मूल तीन वर्षांचे असेल तर ते सज्ञान होईपर्यंत नोकरीचा प्रश्नच नाही. त्याला वाढवायचे तिनेच, आणि तेही 'विधवा' या रकान्यात नाव नसताना. कुटुंब सावरण्यासाठी काढलेल्या या योजनेत त्या पंधरा वर्षांसाठी तिच्या नावावर काहीच नाही.