‘टेबल करा’ म्हणजे नेमकं काय करा?

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की बातम्यांत एक वाक्य हमखास येतं : अमुक अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात आला. पटल म्हणजे टेबल. लंडनच्या संसदेत जे म्हणायची पद्धत होती, ती दिल्लीत आली, दिल्लीतून मुंबईत आली आणि तिचं मराठी झालं. अर्थ सरळ आहे. कागद समोर आला, सगळ्यांनी बघा, त्यावर बोला.

हेच वाक्य वॉशिंग्टनमधल्या एखाद्या खासदाराला इंग्रजीत सांगितलंत, तर तो बिचारा हळहळेल. कारण अमेरिकेत प्रस्ताव ‘टेबल’ करणं म्हणजे तो बाजूला टाकणं. तिथल्या प्रतिनिधीगृहात एखादं विधेयक टेबल झालं की त्याला मूठमाती मिळाली असंच समजतात.

या एका शब्दावरून दुसऱ्या महायुद्धात एक भांडण झालं होतं, आणि त्याची नोंद खुद्द विन्स्टन चर्चिल यांनी युद्धाच्या आठवणींच्या तिसऱ्या खंडात करून ठेवली आहे. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन दोन आठवडे झाले होते. 1941च्या डिसेंबरात चर्चिल लवाजम्यासह वॉशिंग्टनला पोहोचले. पुढचं युद्ध एकत्र कसं लढायचं यावर ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांच्या बैठकांवर बैठका सुरू झाल्या. ब्रिटिशांनी एक टिपण तयार केलं. विषय तातडीचा होता, म्हणून ते म्हणाले, आम्हाला हे टेबल करायचंय. अमेरिकनांनाही तो विषय तातडीचाच वाटत होता, म्हणून ते म्हणाले, छे छे, टेबल अजिबात करायचं नाही! झालं, जुंपली. बराच वेळ आणि बऱ्यापैकी कडवट वाद झाल्यावर दोन्ही बाजूंच्या लक्षात आलं की आपलं म्हणणं एकच आहे.

मला या किश्शात हसण्यापेक्षा ‘बराच वेळ’ हा भाग जास्त अडकवून ठेवतो. खोलीतले सगळे अनुभवी अधिकारी, डोक्यावर जागतिक युद्ध, आणि तरी कुणालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, तू या शब्दाने काय म्हणतोयस? रशियनांशी बोलताना असं घडलं नसतं, कारण मध्ये दुभाष्या असायचा. दुभाष्या थांबतो, पुन्हा विचारतो, खात्री करतो. इथे दोघांनाही इंग्रजी ‘येत’ होतं. न कळणारा शब्द आला की माणूस सावध होतो. ओळखीचा शब्द आला की सरळ पुढे जातो.

मुळात शब्द फुटला कुठे? सभागृहात मध्यभागी एक टेबल असतं, त्यावर कागद ठेवतात. ही ब्रिटिशांची पद्धत अमेरिकनांनी वसाहतीच्या काळातच घेतली होती. पण टेबलावरच्या कागदाकडे दोन तऱ्हांनी बघता येतं. तो सगळ्यांसमोर आलाय, असंही म्हणता येतं. आणि तो नुसता पडून राहिलाय, असंही. लंडनने पहिलं धरलं, अमेरिकेने दुसरं. 1876मध्ये हेन्री रॉबर्ट या अमेरिकन लष्करी इंजिनिअरने सभाशास्त्राचं पुस्तक काढलं. ते तिथल्या संस्था-संस्थांत प्रमाण मानलं जातं, आणि त्यातही टेबलावर ठेवणं म्हणजे विषय तात्पुरता बाजूला सारणं. आपल्याकडे फाइल साहेबाच्या टेबलावर आहे म्हणजे काम होणार की रखडणार, हे ज्याने अनुभवलंय त्याला दोन्ही अर्थ एकदमच पटतील.

वॉशिंग्टनच्या त्या बैठकीनंतर अमेरिकन सैनिक जहाजं भरभरून इंग्लंडला येऊ लागले. 1944च्या वसंतापर्यंत त्यांची संख्या सुमारे 15 लाखांवर गेली. यातल्या कित्येक पोरांनी आधी समुद्रही पाहिला नव्हता. मग अमेरिकेच्या युद्ध खात्याने 1942मध्ये त्यांच्यासाठी एक छोटी पुस्तिका छापली : ब्रिटनमध्ये कसं वागावं. भाषा तीच असल्याने बाकी सगळंही तेच असेल या समजुतीत राहू नका, हा तिचा सूर.

ती पुस्तिका आजही वाचायला धमाल आहे. त्यात सैनिकांना बजावलंय की चारचौघांत, विशेषतः बायकांसमोर ‘ब्लडी’ म्हणू नका. अमेरिकनाला तो शब्द म्हणजे काहीच नाही, इंग्रजाच्या कानाला तेव्हा ती सणसणीत शिवी होती. आणि स्वतःच्या मळक्या कपड्यांकडे बघून ‘आय लुक लाइक अ बम’ असं तर चुकूनही म्हणू नका. अमेरिकेत बम म्हणजे भणंग. इंग्लंडमध्ये बम म्हणजे माणूस ज्यावर बसतो तो भाग. सरकारी खर्चाने छापलेल्या लष्करी पुस्तिकेत हा खुलासा करताना त्या अधिकाऱ्याची काय अवस्था झाली असेल!

आपण या नकाशावर ब्रिटिशांच्या बाजूला आहोत. म्हणून आपल्या कंपासपेटीत रबर असतं. ते मागायला अमेरिकेतल्या दुकानात गेलात, तर दुकानदार तुम्हाला भलत्याच, प्रौढांच्या कपाटाकडे पाठवण्याची शक्यता आहे. पण आपण काही नुसते ब्रिटिशांची नक्कल करून थांबलो नाही. अमेरिकेत शिकायला गेलेली आपली मुलं लेक्चर संपल्यावर प्राध्यापकांना म्हणतात, ‘सर, आय हॅव अ डाऊट.’ प्राध्यापक दचकतात. त्यांच्या इंग्रजीत डाऊट म्हणजे अविश्वास. या मुलाला माझं म्हणणंच पटलेलं नाही? मुलाच्या मनात फक्त एक प्रश्न असतो. काही जण याला चुकीचं इंग्रजी म्हणतात, मला ते पटत नाही. आपल्या वर्गात बाई विचारतात, ‘कुणाला काही शंका?’ शंका या शब्दात प्रश्नही बसतो आणि संशयही, आणि दोन्ही एका बाकावर गुण्यागोविंदाने बसतात. डाऊट हा शब्द आपण शंकेच्या मापाने शिवून घेतला.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं नाही.

एप्रिल 1951. कोरियात युद्ध सुरू होतं. इम्जिन नदीच्या काठावर ब्रिटिशांची 29वी ब्रिगेड मोर्चे बांधून बसली होती. ब्रिगेडिअर टॉम ब्रॉडी त्यांचे प्रमुख, आणि त्यांचे वरिष्ठ अमेरिकन : मेजर जनरल रॉबर्ट सूल. 22 एप्रिलच्या रात्री चिनी सैन्याने नदी ओलांडली. ब्रिगेडच्या डाव्या टोकाला ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन होती, तिच्यावर लोंढा आला. दोन दिवसांत ती बटालियन चारही बाजूंनी वेढली जाऊन 235 क्रमांकाच्या टेकडीवर अडकली. पाणी संपत आलेलं, दारूगोळा संपत आलेला.

अशा वेळी जनरल सूल यांच्याकडून विचारणा झाली, परिस्थिती कशी आहे? ब्रॉडींचं उत्तर होतं, ‘अ बिट स्टिकी.’ म्हणजे जरा अडचण आहे. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तोंडी याचा अर्थ : आम्ही मरणाच्या दारात आहोत, काहीतरी करा. अमेरिकन अधिकाऱ्याच्या कानात याचा अर्थ : थोडी ओढाताण चाललीय, पण निभावतंय. माघारीची परवानगी लगेच आली नाही. ती येईपर्यंत ग्लॉस्टर्सना निघायला वाट उरली नव्हती. 25 एप्रिलला टेकडी पडली. बटालियनमधले मूठभर लोक स्वतःच्या फळीपर्यंत पोहोचले. पाचशेहून अधिक जण कैदी झाले, त्यातले काही परत आलेच नाहीत. त्यांचे कमांडर कर्नल जेम्स कार्न 1953पर्यंत कैदेत होते, पुढे त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

एका वाक्याने बटालियन बुडाली, असं म्हणणं हा इतिहासावर अन्याय ठरेल. ब्रिगेडची फळी लांब आणि विरळ होती, हल्ला करणारे कितीतरी पटींनी जास्त होते. सुटकेसाठी निघालेल्या फिलिपिनो आणि ब्रिटिश रणगाड्यांची तुकडी एका अरुंद खिंडीत अडकली, कारण सगळ्यात पुढचा रणगाडाच निकामी झाला. शब्दाने त्या सगळ्यात आणखी काही तास खाल्ले. पण वेढ्यात तासांचाच हिशेब असतो.

यात ब्रॉडींचा दोष काय काढायचा? ते ज्या वर्गात वाढले, तिथे संकटात आवाज चढवणं हे असंस्कृतपणाचं लक्षण होतं. सूल जिथे वाढले, तिथे संकट असलं की माणूस संकट आहे असं सांगतो. मराठी वाचकाला खरं तर ब्रॉडी पटकन कळतील. घरातलं वडीलधारं माणूस फोनवर ‘जरा बरं नाही’ म्हणालं, की आपण रात्रीची गाडी पकडतो. त्या ‘जरा’ची किंमत घरच्यालाच ठाऊक असते. शब्दकोशात ‘जरा’ म्हणजे थोडं, एवढंच लिहिलेलं असतं.

शब्दांचं झालं. कधी कधी शब्द तेच राहतात आणि व्याकरण दगा देतं. आधी आपल्याच घरातलं उदाहरण घेऊ. नागपूरचा मित्र फोनवर म्हणतो, ‘मी निघून राहिलो.’ पुण्याच्या कानाला वाटतं, निघाला आणि कुठेतरी राहिला की काय? तो बिचारा फक्त निघतोय. ‘राहिलो’ हे पुण्यात मुक्कामाचं क्रियापद, नागपुरात चालू क्रियेचं.

आता 27 मार्च 1977. स्पेनच्या ताब्यातलं टेनेरिफ बेट, दाट धुकं, एकच धावपट्टी आणि तिच्यावर दोन जंबो जेट. डच विमानातून नियंत्रकाला संदेश गेला, ‘वी आर नाऊ अॅट टेकऑफ.’ स्पॅनिश नियंत्रकाने अर्थ घेतला : विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. प्रत्यक्षात ते धावायला लागलं होतं. भाषेच्या अभ्यासकांनी दिलेलं एक स्पष्टीकरण असं की हे वाक्य डच वळणाचं होतं, कारण डच भाषेत चालू क्रिया दाखवायला ‘अॅट’सारखंच एक अव्यय वापरतात. थोडक्यात, ‘निघून राहिलो’. नियंत्रक आधी ‘ओके’ म्हणाला, मग थांबायला सांगितलं. पण नेमक्या त्या क्षणी समोरच्या अमेरिकन विमानानेही बोलायला सुरुवात केली आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून डच कॉकपिटमध्ये नुसती शिट्टी ऐकू आली. 583 माणसं गेली. धुकं, घाई, रेडिओ अशी कारणं बरीच होती, पण तो अपघात झाल्यावर विमानतळांवरची भाषाच बदलली. ‘टेकऑफ’ हा शब्द आता फक्त उड्डाणाची परवानगी देताना-घेताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. आणि परवानगी मिळाली की नुसतं ‘ओके’ चालत नाही, ती शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते. म्हणजे दुभाष्या जे करतो, तेच.

विमानवाल्यांना या रोगाची चाहूल खरं तर त्याच्या बरीच आधी लागली होती. आल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरमाला तुम्ही कस्टमर केअरला नाव सांगताना कधीतरी वापरली असेल. ती लागू झाली 1 मार्च 1956 रोजी. माँट्रिअल विद्यापीठातले भाषातज्ज्ञ झाँ-पॉल व्हिने यांनी त्यावर काम केलं, आणि 31 देशांच्या लोकांच्या तोंडून आणि कानांतून शब्द तपासून घेण्यात आले. आधीच्या मसुद्यात सी-साठी ‘कोका’ होता, एम-साठी ‘मेट्रो’, एन-साठी ‘नेक्टर’. ते गाळले गेले. अधिकृत लिखाणात ‘आल्फा’त पीएच नाही, एफ आहे, कारण पीएचचा फ होतो हे सगळ्या जगाला माहीत असायचं कारण नाही. ‘ज्युलिएट’ला शेवटी दोन टी आहेत, कारण एकच टी दिसला तर फ्रेंच माणूस तो गिळून टाकतो.

आकड्यांमध्ये तर आणखी मजा आहे. ‘थ्री’मधला तो जीभ दातांत धरून काढायचा आवाज जगातल्या बहुतेक भाषांत नाहीच. आपणही तिथे आपला थाळीतला थ वापरून भागवतो, आणि त्यावरून इंग्रजी माध्यमातल्या मुलांकडून टोमणे ऐकतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने यावर काढलेला तोडगा असा : रेडिओवर तीनला ‘ट्री’ म्हणायचं. हजाराला ‘टाउसंड’. पाचला ‘फाइफ’, कारण खरखरत्या रेडिओवर ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ सारखेच ऐकू येतात. त्याच कारणाने नऊला ‘नायनर’. शिवाय जर्मन माणसाला ‘नाइन’ म्हणजे ‘नाही’. चारला ‘फोअर’ असं ओढून म्हणायचं.

हा नियम सगळ्यांना सारखाच आहे. 2008पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरच्या वैमानिकांना इंग्रजीची ठरावीक पातळी दाखवावी लागते, आणि तीही ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांना धरून. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, उच्चारावरून तीन पिढ्यांचं घराणं ओळखू येईल असा इंग्रज वैमानिकही लंडनहून मुंबईवर आला की खाली सांगतो, ‘टू ट्री फाइफ नायनर’. आणि खालून मुंबईचा नियंत्रक तेच आकडे, त्याच उच्चारात, त्याला परत वाचून दाखवायला सांगतो.